विहाराची चावी कोणाकडे आहे?

शाळा सुटल्यानंतरचे तास आणि उन्हाळ्याची सुटी : पालकांनी व कार्यकर्त्यांनी मांडावयाचा हिशेब

मुलाचे नाव शाळेत घातले, दप्तर आणि गणवेश घेऊन दिला, म्हणजे त्याच्या शिक्षणाची जबाबदारी मास्तरांकडे गेली, असे आपल्यापैकी बहुतेक पालक धरून चालतात. ही समजूत कितपत खरी आहे? आम्ही वाणिज्य शाखेत शिकलो आणि उमर कारकुनीत घातली. त्यामुळे कोणत्याही गोष्टीचा आधी हिशेब मांडून पाहण्याची आम्हांस सवय आहे. तो हिशेब येथे वाचकांपुढे ठेवतो.

वर्षाचे तास ८,७६०. लेकरू रोज नऊ तास झोपते असे धरले, तर झोपेचे तास ३,२८५. जागेपणाचे उरले ५,४७५. आता शाळेचे तास पाहू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांना वर्षातून किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकविले पाहिजे. सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १,००० तास. म्हणजे चौथीतील मुलाच्या जागेपणाच्या शंभर तासांपैकी साधारण पंधरा तास शाळेचे आहेत. उरलेले पंच्याऐंशी तास घरचे, गल्लीचे आणि वस्तीचे आहेत. ज्या शाळेवर आपण सर्व भार टाकून मोकळे होतो, तिच्या वाट्याला एवढाच वेळ येतो!

धम्मबांधवांनो आणि भगिनींनो, आपली मुले मागे का राहतात याचे निम्मे उत्तर या पंच्याऐंशी तासांत आहे.

त्या तासांत काय घडते?

डॉक्टरचे, प्राध्यापकाचे मूल पाच वाजता घरी येते. त्याच्यासाठी टेबल असते, पंखा असतो, विचारले तर सांगणारी शिकलेली आई असते. सहा वाजता शिकवणी असते. उन्हाळा लागला की चित्रकलेचा वर्ग, पोहण्याचा वर्ग, इंग्रजी संभाषणाचा वर्ग, आणि वाचायला घरात पुस्तके.

आता आपल्या वस्तीत या. दर्यापूर-अंजनगावकडे असो, अकोट-तेल्हाऱ्याकडे असो की मूर्तिजापूरकडे, सोयाबीनची सोंगणी लागली की माय पहाटेच घर सोडते. त्यानंतर कापसाची वेचणी येते, ती हिवाळाभर पुरते. शाळेतून आलेली पाचवीतील पोरगी धाकट्याला कडेवर घेते, भांडी घासते, पाणी भरते. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात उन्हाळ्यात गोडे पाणी मिळविणे हे स्वतंत्र काम होऊन बसते आणि ते बहुधा पोरीच्याच वाट्याला येते. शहरातील वस्तीत बाप हमालीवर किंवा बांधकामावर, माय धुण्याभांड्यावर. एका खोलीत सहा माणसे. त्याच खोलीत टीव्ही चालू आणि आता मोबाईलही. अशा घरातील लेकरू अभ्यास करीत नाही म्हणून आपण त्याला रागावतो. पण त्याने बसावे कोठे?

एका मातेने आम्हांस सांगितले होते, "भाऊ, मीच शाळेत गेली नाही, तं पोराले काय सांगू? तो म्हणते अभ्यास झाला, मी म्हणतो झाला असन." या मायमाऊलीला दोष देण्यात अर्थ नाही. तिने मुलाला शाळेत घातले हेच मोठे काम केले. पुढचे काम वस्तीचे आहे.

सुटीत मागे पडणारी मुले

हा प्रकार फक्त आपल्याकडचाच नाही. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात कार्ल अलेक्झांडर आणि डोरिस एंटविसल या अभ्यासकांनी १९८२ मध्ये पहिलीत आलेल्या सुमारे ७९० मुलांच्या प्रगतीची नोंद पुढे अनेक वर्षे ठेवली. त्यांत गरिबांची मुले होती आणि सुस्थितीतील घरांचीही होती. शाळा चालू असताना दोन्हींची प्रगती जवळजवळ सारख्या वेगाने होते, असे त्यांना आढळले. अंतर पडत होते ते उन्हाळ्याच्या सुटीत. सुस्थितीतील मुले सुटीतही थोडी पुढे सरकत, गरिबांची मुले जेथल्या तेथे राहत किंवा मागे येत. प्राथमिक शाळेतील अशा सुट्या साचत जाऊन नववीत दिसणाऱ्या फरकाचा मोठा भाग तयार होतो, असे त्यांनी २००७ मध्ये मांडले. पुढे इतर अभ्यासकांनी या आकड्यांबद्दल वाद घातला. परंतु शाळेबाहेरचा वेळ सर्व मुलांना सारखा मिळत नाही, याबद्दल दुमत नाही.

त्या अभ्यासकांनी नळाचा दाखला दिला आहे. शाळा चालू असते तेव्हा ज्ञानाचा नळ सर्वांसाठी चालू असतो. सुटी लागली की नळ बंद होतो, आणि ज्याच्या घरी टाकी भरलेली त्यालाच पाणी मिळते. उन्हाळ्यात काही दिवसांआड येणाऱ्या नळाची वाट पाहणाऱ्या अकोलेकरांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही!

आपल्या देशातील स्थिती पाहा. ग्रामीण भागातील मुलांच्या वाचनाची पाहणी करणारा 'असर' अहवाल २००५ पासून निघतो. दुसरीच्या पुस्तकातील सोपा धडा पाचवीतील किती मुलांना वाचता येतो, हे त्यात तपासतात. २०१८ मध्ये १०० पैकी सुमारे ५० मुलांना तो वाचता येत होता. कोरोनाच्या काळात शाळा बंद राहिल्या आणि २०२२ मध्ये हा आकडा ४३ च्या आसपास उतरला. २०२४ मध्ये तो ४९ च्या जवळ आला. म्हणजे आजही पाचवीतील दुसरे प्रत्येक मूल दुसरीचा धडा नीट वाचू शकत नाही.

त्यात आता एक नवी गोष्ट आली आहे. आपल्या राज्यात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा सुरू झाली. नापास झालेल्या मुलाला निकालानंतर दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा द्यावी लागते, आणि तीही गेली तर त्याच वर्गात बसावे लागते. ते दोन महिने म्हणजे नेमका उन्हाळा! शिकवणीवाल्याचे मूल त्या दोन महिन्यांत तयारी करते. आपले मूल करणार काय? एकदा नापास झाले की "शिकण्यात डोकं नाही" असा शिक्का बसतो, आणि मुलगी असेल तर शाळा सुटण्याचे ते आयतेच निमित्त होते.

बाबासाहेब कोठे बसून वाचत?

याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. परळच्या डबक चाळीतील एका खोलीत आंबेडकर कुटुंब राहत होते. खोलीत सर्वांची दाटी. म्हणून सुभेदार रामजी बाबा भिवाला लवकर झोपवीत आणि पहाटे दोन वाजता उठवून अभ्यासाला बसवीत. घरात जागा नव्हती, तेव्हा बापाने वेळ काढून दिला.

शाळा सुटल्यानंतर भिवा चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचीत बसे. त्याच बागेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे शिक्षक येत असत. रोज वाचणारा हा मुलगा त्यांच्या नजरेत भरला. त्यांनी चौकशी केली, काय वाचावे ते सांगितले, पुस्तके दिली. १९०७ साली भिवा मॅट्रिक झाला, तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची मदत मिळवून देण्यातही त्यांनी पुढाकार घेतला. शाळेच्या तासांबाहेर बसायला एक जागा आणि विचारपूस करणारा एक मोठा माणूस, एवढ्या दोन गोष्टी त्या मुलाला मिळाल्या. आज आपल्या वस्तीतील मुलाला त्या दोन गोष्टी कोण देतो?

त्याही आधी, १८५५ मध्ये, जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात शेतकऱ्यांसाठी व मजुरांसाठी रात्रशाळा काढली होती. २० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तिच्या उद्देशांत वसतिगृहे, वाचनालये आणि अभ्यासवर्ग यांचा समावेश होता. १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला सभेचे वसतिगृह सुरूही झाले.

आपला वऱ्हाड यात मागे नव्हता. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाड प्रांतिक परिषद भरली. त्याच दशकात पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढून सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसविले. शेंडगावचे गाडगेबाबा गावोगाव फिरून, जेवायचे ताट मोडा पण पोराला शिकवा, असे सांगत राहिले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या संस्थेच्या हवाली केली. आणि अलीकडचेच सांगायचे, तर १४ मे २०२५ रोजी देशाचे सरन्यायाधीश झालेले भूषण गवई यांचे प्राथमिक शिक्षण अमरावतीच्या फ्रेजरपुऱ्यातील नगरपालिकेच्या मराठी शाळेत झाले आहे. त्यांना दादासाहेबांसारखे वडील होते, हे खरे. पण नगरपालिकेच्या शाळेच्या बाकावरून पुढे जाता येते, हेही तितकेच खरे.

वर्ग सुरू होतात, टिकत का नाहीत?

आज अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत बौद्ध वस्ती असलेल्या गावोगावी विहार उभा आहे. कोठे वर्गणीतून, कोठे आमदार निधीतून, कोठे समाजकल्याण खात्याच्या वस्ती विकासाच्या योजनेतून समाजमंदिर बांधले गेले. स्लॅबची इमारत आहे, वीज आहे, पंखे आहेत, फरशी आहे, बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. परंतु दाराला कुलूप आहे! रविवारची वंदना, पौर्णिमा, वर्षावासातील ग्रंथवाचन आणि जयंती सोडली तर ते कुलूप निघत नाही. चावी कोणाकडे आहे असे विचारले तर तीन नावे सांगतात, आणि तिघेही कामाला गेलेले असतात.

१४ एप्रिलला ठिकठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. हारांऐवजी एक वही, एक पेन आणा, असे आवाहनही होते. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत आणि त्या चालू राहाव्यात. परंतु वर्षातून एक दिवस अठरा तास बसविलेल्या मुलाला पंधरा एप्रिलला बसायला जागा नसेल, तर त्याचा उपयोग किती? भेटीच्या वह्या जूनपर्यंत भरतात आणि संपतात. त्याच जयंतीत डीजेच्या एका रात्रीवर जी रक्कम जाते, तिचा आकडा प्रत्येक मंडळाने आपल्या वहीत पाहावा. आम्ही तो येथे लिहीत नाही.

अभ्यासवर्ग सुरूच झाले नाहीत असे नाही. आमच्या पाहण्यात अनेक झाले. एखादी बी.ए. झालेली मुलगी किंवा डी.एड. होऊन बेकार बसलेला तरुण उत्साहाने वर्ग काढतो. पहिल्या आठवड्यात साठ मुले येतात. पहिलीचे आणि आठवीचे एकत्र बसतात, गोंधळ होतो. दोन महिन्यांत वीस उरतात. मग त्या मुलीचे लग्न ठरते किंवा त्या तरुणाला अकोल्याच्या एमआयडीसीत काम मिळते आणि वर्ग बंद पडतो. लोक म्हणतात, "समाजात कोणी टिकून काम करत नाही." हा आरोप अन्यायाचा आहे. त्या मुलीला आपण वर्षभरात एक रुपया दिला काय? ती आजारी पडली तर तिच्या जागी कोणाला तयार केले होते काय? ज्या कामाला वेळ नाही, पैसा नाही आणि वारस नाही, ते काम कोणाच्याही हातून टिकणार नाही.

टिकणारा वर्ग कसा चालवावा?

अनुभवी कार्यकर्त्यांशी बोलून आणि इतर ठिकाणचे पाहून काही गोष्टी आम्हांस पटल्या आहेत.

पहिली गोष्ट वेळेची. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून नियम केला. सायंकाळी सातला भोंगा वाजतो, घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद होतात आणि साडेआठपर्यंत मुले अभ्यास करतात. यासाठी गावाला मोठा खर्च आला नाही. आपल्या विहारावर तर ध्वनिक्षेपक आहेच. रोज सातला त्रिशरण-पंचशील म्हणावे आणि साडेआठपर्यंत वर्ग घ्यावा. रोज म्हणजे रोज. दार ठरल्या वेळी उघडणार याची मुलांना खात्री पटली की ती आपोआप येतात.

दुसरी गोष्ट शिकविण्याच्या पद्धतीची. १९९४ पासून मुंबईच्या वस्त्यांत काम सुरू केलेल्या 'प्रथम' संस्थेने घरांत, मंदिरांत, कार्यालयांत जेथे जागा मिळेल तेथे बालवाड्या भरविल्या आणि वस्तीतील मुलींनाच शिकवायला तयार केले. मुलांचे गट इयत्तेप्रमाणे न पाडता, ज्याला जे येते त्याप्रमाणे पाडावे, ही त्यांची पद्धत पुढे देशभर गेली. तिला मोठी पदवी लागत नाही. तिसरी ते सहावीच्या प्रत्येक मुलाला जवळ बसवून वाचायला सांगावे. अक्षर ओळखणारे एका गटात, शब्द वाचणारे दुसऱ्या, छोटा उतारा वाचणारे तिसऱ्या आणि गोष्ट वाचणारे चौथ्या. गणिताचेही तसेच : अंक ओळख, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी, भागाकार. दर महिन्याला पुन्हा तपासावे आणि मूल वरच्या गटात गेले तर त्याच्या आईला बोलावून सांगावे. पाचवीचा मुलगा शब्दांच्या गटात बसला म्हणून त्याला कोणी हसणार नाही, ही जबाबदारी शिकविणाऱ्याची.

तिसरी गोष्ट पैशाची. आमचे साधे अंदाजपत्रक असे : चाळीस घरांनी महिना पन्नास रुपये दिले तर २,००० रुपये जमतात. त्यातून १,५०० रुपये शिकविणाऱ्या मुलीचे मानधन, २०० विजेला, ३०० खडू, कागद आणि गोष्टींच्या पुस्तकांना. वर्षाचे होतात २४,०००. ऐंशी घरे असतील तर दोन मुली ठेवाव्यात, म्हणजे एक गेली तरी वर्ग थांबत नाही. जमाखर्च दर पौर्णिमेला विहारात वाचून दाखवावा आणि भिंतीवर लावावा. हिशेब उघडा असला की वर्गणी मागावी लागत नाही. दीड हजार रुपये फार नाहीत, हे आम्ही जाणतो. पण ते दर महिन्याच्या ठरल्या तारखेला हातात पडले, तर तिचे परीक्षेचे शुल्क आणि एस.टी.चा पास निघतो, आणि घरच्यांनाही तिच्या कामाची किंमत कळते.

वस्तीतून निघून कॉलनीत राहावयास गेलेल्या नोकरदार बांधवांस येथे एक स्मरण द्यावेसे वाटते. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यावा असे सांगितले होते. वीस हजार पगाराचा विसावा हिस्सा एक हजार होतो. ज्या गल्लीतून आपण शिकून निघालो, त्या गल्लीतील वर्गासाठी त्यातील निम्मे तरी बाजूला निघणार नाहीत काय?

उन्हाळ्याची आखणी

इतर महाराष्ट्रापेक्षा विदर्भातील शाळा जूनमध्ये उशिरा उघडतात. त्यामुळे आपली सुटी लांब असते. अकोल्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा भर दुपारी शिबिर घेणे धोक्याचे आहे. सकाळी साडेसहा ते नऊ हीच वेळ योग्य. पहिला तास वाचन, दुसरा गणित आणि शेवटचा अर्धा तास खेळ, गाणी, चित्रे. पाण्याचा माठ आणि लिंबू-मीठ-साखरेची सोय ठेवावी. ज्यांची फेरपरीक्षा आहे, त्या पाचवी-आठवीच्या मुलांना सायंकाळी वेगळे बसवावे.

मे महिन्यात ठिकठिकाणी श्रामणेर शिबिरे आणि संस्कार शिबिरे होतात. त्यांत रोज एक तास वाचन-गणिताचा ठेवला तर धम्माला बाध येत नाही. सिगालोवाद सुत्तात आईबापांच्या कर्तव्यांत मुलाला विद्या-कला शिकविणे हेही तथागतांनी सांगितले आहे.

आयांना वर्गात आणावे. शाळेत येणाऱ्या लहान मुलांच्या तयारीसाठी राज्याने २०२२ पासून 'पहिले पाऊल' अभियान घेतले, त्यात गल्लीतील मातांचे गट केले गेले. न शिकलेली मायही मुलाला भाजी निवडताना मोजायला लावू शकते आणि "वाचून दाखव" म्हणू शकते. मुलींच्या बाबतीत एक दक्षता अवश्य घ्यावी. वर्ग सुटल्यावर त्यांना घरापर्यंत सोडण्याची पाळी दोन महिलांनी घ्यावी आणि वर्गात एकट्या पुरुषाला ठेवू नये. विश्वास एकदा गेला की मुली येत नाहीत. लहान भावंडाला घेऊन आलेल्या मुलीला परत पाठवू नये. कोपऱ्यात एक सतरंजी टाकावी आणि त्या लहानग्यांकडे एका आजीने पाहावे.

मागण्याचा हक्कही बजावावा

वर्गणी द्यावी म्हणजे शासनाला मोकळे सोडावे, असे नाही. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा १५ टक्के भाग मागासवर्गीयांच्या आणि १० टक्के महिला-बालकल्याणाच्या कामी खर्च करावयाचा असतो. ग्रामसभेत उभे राहून त्यातून अभ्यासवर्गासाठी पुस्तके, दिवे, चटया मागाव्यात आणि ठरावाची नक्कल घ्यावी. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. आपल्या वस्तीचे पालक तेथे नुसती सही करून येतात काय, हे पाहावे. ज्या गावी विहार लहान आहे, तेथे सुटीत शाळेची खोली मागता येते. आठवीतील मुलांसाठी केंद्राची आर्थिक दुर्बल घटकांची शिष्यवृत्ती परीक्षा असते. तीत निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. तिचे आणि नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेचे अर्ज वर्गातूनच भरून घेतले, तर एकही मूल निव्वळ माहिती नाही म्हणून वंचित राहणार नाही.

वाचकांनी येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर उठून जाण्याची घाई करू नये. सर्वांनी बसावे आणि तीनच ठराव करावेत : चावी कोणाकडे राहील, दार किती वाजता उघडेल आणि शिकविणाऱ्या मुलीला महिन्याच्या कोणत्या तारखेला मानधन मिळेल. तिन्ही नोंदवहीत लिहून खाली सह्या कराव्यात. दुसऱ्या दिवशी सायंकाळी सातला दार उघडावे. पहिल्या दिवशी पाचच मुले आली तरी पाचांना घेऊन बसावे.

जयभीम!